नडगीवरच्या गाठी आणि वजनाचा काटा

माझ्या दोन्ही नडग्यांवर जे झाले, त्याला त्वचारोगतज्ज्ञ 'ओबेसिटी असोसिएटेड लिम्फिडीमेटस म्यूसिनोसिस' असे लांबलचक नाव देतात. स्थूलतेमुळे पायांतील लसीकेचा (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून स्वतंत्र वाहिन्यांतून परत वाहणारा द्रव) निचरा मंदावतो, सूज वर्षानुवर्षे टिकून राहते आणि त्या सुजलेल्या भागात त्वचेच्या वरच्या थरात म्यूसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ साचून गाठी उठतात, असा हा विकार आहे. वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे मोजकेच रुग्ण नोंदलेले आहेत, आणि त्याला स्वतंत्र नाव मिळाले तेही या शतकाच्या पहिल्या दशकात. त्यामुळे निदानाला उशीर झाला याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. मात्र ज्या वाक्यामुळे तो झाला, ते प्रत्येक दवाखान्यात ऐकायला मिळाले आणि त्याला खोटेही म्हणता येत नव्हते. 'वजन उतरवा, पाय आपोआप सुधारतील.' वजन उतरायला हवे होते, यात शंका नाही. पण ते उतरेपर्यंत पायाचे काय करायचे, याचे उत्तर त्या वाक्यात नव्हते, आणि पाय तर तेवढा काळ थांबून राहणार नव्हता.

माझी उंची 168 सेंटिमीटर आणि त्या काळातले वजन 124 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 44 च्या आसपास. काम टेबलाशी बसून करायचे. सुरुवातीला संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वळ पडायचा, नडगीवर बोट दाबले की खळगा उमटायचा आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत व्हायचे. पुढे ही सूज सकाळीही तशीच राहू लागली. त्यानंतर नडगीच्या पुढच्या बाजूला, गुडघा आणि घोटा यांच्या मधल्या भागात, त्वचेच्याच रंगाचे पण किंचित पारदर्शक दाणे दिसू लागले. लांबून पाहणाऱ्याला ते पाण्याने भरलेले फोड वाटत, पण ते फुटत नसत आणि त्यांना खाजही नसे. काही दाणे एकमेकांत मिसळून त्यांचे जाड चट्टे झाले. घोट्याच्या वरची त्वचा तांबूस-तपकिरी पडली. चालताना पायांना जडपणा जाणवायचा. दुखणे म्हणावे असे मात्र फारसे नव्हते, आणि म्हणूनच बहुधा माझ्यासकट कोणालाच घाई वाटली नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी जे करायला हवे ते सगळे केले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सूज दोन्ही पायांना असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांच्याकडे प्रथम पाहावे लागते. इको झाला, रक्तातील क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन पाहिले, लघवीतून प्रथिने जातात का तेही तपासले. सगळे ठीक निघाले. रक्तदाबासाठी मी अ‍ॅम्लोडिपिन घेत होतो. या गोळीने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, म्हणून ती बदलली. सूज थोडी उतरली, गेली नाही. मग लघवीची गोळी सुरू झाली. तिने मला रात्रीतून अनेकदा उठवले, पण पायाचा घेर होता तेवढाच राहिला. याचे कारण मला बरेच नंतर समजले. लसीका तुंबल्यामुळे येणाऱ्या सुजेत नुसते पाणी नसते, प्रथिनेही असतात. गोळी पाणी बाहेर काढते, प्रथिने ऊतींमध्येच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती गोळी अत्यावश्यक असू शकते, माझ्या सुजेवर मात्र ते औषध नव्हते.

दरम्यान, पाय पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच शंका यायची, आणि ती बहुतेक जण हलक्या आवाजात बोलून दाखवायचे: 'हत्तीपाय तर नाही ना?' ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. हत्तीरोग हा डासांमार्फत पसरणाऱ्या कृमींचा रोग आहे. जगभरातील बहुतांश रुग्णांमध्ये तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीमुळे होतो आणि त्याची पिल्ले प्रामुख्याने रात्रीच रक्तात उतरतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्री दहानंतर घेतला गेला, आणि कोणत्याही वेळी करता येणारी प्रतिजनाची, म्हणजे रक्तातले कृमीचे अंश शोधणारी, चाचणीही झाली. दोन्हींत काही आढळले नाही. मला सुटल्यासारखे वाटले, आणि तपासणाऱ्यांनाही वाटले असावे, कारण त्यानंतर पुन्हा गाडी वजनावरच येऊन थांबली. कृमींशिवायही पाय हत्तीच्या पायासारखा जाड आणि खडबडीत होऊ शकतो, हे तेव्हा कोणी बोलले नाही. खरे तर त्या अवस्थेला 1934 पासून नाव आहे; इटालियन डॉक्टर आल्दो कास्तेलानी यांनी तिला 'एलिफंटायसिस नॉस्ट्रास' म्हटले. वारंवार होणारा जंतुसंसर्ग, जुनाट सूज आणि स्थूलता ही तिची नेहमीची कारणे, आणि पुढच्या टप्प्यात त्वचेवर चामखिळीसारखे कठीण खडबडीत उंचवटे येतात.

सगळे चित्र पालटले ते एका तापाने. दुपारपर्यंत बरा होतो, संध्याकाळी हुडहुडी भरली आणि रात्रीपर्यंत उजवी नडगी लालभडक, तापलेली आणि हात लावू न देणारी झाली. सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालच्या थरांतला जंतुसंसर्ग. रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून प्रतिजैविके घ्यावी लागली. जंतू आत कुठून शिरले, हे तिथल्या एका परिचारिकेने शोधले. पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या, त्वचा पांढरी पडून भेगाळली होती. पोट मोठे असलेल्या माणसाला स्वतःच्या पायाची बेचकी दिसत नाही, त्यामुळे तिथे काय चालले आहे याची मला कल्पनाच नव्हती. सेल्युलायटिसचा हिशेब मोठा वाईट असतो. तुंबलेल्या पायाला संसर्ग लवकर होतो आणि प्रत्येक संसर्ग लसीकावाहिन्यांना आणखी इजा करून जातो, त्यामुळे पाय आणखी तुंबतो. ताप उतरला, लाली ओसरली, पण नडगीवरचे दाणे आधीपेक्षा जाड झाले. घरी सोडताना मला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले गेले, आणि खरी प्रक्रिया तिथून सुरू झाली.

त्या डॉक्टरबाईंनी वजनाचा विषय पहिल्या भेटीत काढलाच नाही. 'दोन्ही मोजे काढा, पँट गुडघ्याच्या वर घ्या आणि आडवे व्हा,' एवढेच त्या म्हणाल्या आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिल्या. पावलाची वरची बाजू, घोट्याभोवतीच्या वळ्या, बेचक्या, टाचा, सगळे विजेरीच्या उजेडात पाहून झाल्यावर त्यांनी माझ्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरण्याचा प्रयत्न केला. निरोगी पायावर तिथली त्वचा सहज उचलली जाते. माझ्या पायावर त्यांची चिमूट दोनदा निसटली. 'हे पाहा, इथे घडी पडत नाही,' असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताच्या बोटावर ती घडी कशी पडायला हवी ते दाखवले. ही खूण फ्रेंच डॉक्टर स्टेमर यांनी 1976 मध्ये वर्णिली आहे. ती आढळली की सूज लसीकेची असण्याची शक्यता पुष्कळच बळावते. न आढळली तर मात्र लसीकेचा दोष नाहीच, असे म्हणता येत नाही. पावलाच्या वरच्या बाजूला सूज आहे, याचीही त्यांनी नोंद केली. लिपिडीमा नावाच्या दुसऱ्या एका विकारात मांड्या आणि पोटऱ्या चरबीने जाड होतात, पण पावले मोकळी राहतात; तो जवळजवळ नेहमी स्त्रियांनाच होतो. माझ्या बाबतीत ती शक्यता तिथेच संपली.

उरलेल्या शक्यता मात्र नुसत्या डोळ्यांनी निकालात निघणाऱ्या नव्हत्या. नडगीवर म्यूसिन साचण्याचे सर्वांत प्रसिद्ध कारण म्हणजे थायरॉइडचा ग्रेव्ह्ज रोग. त्यात उठणारे चट्टे आणि माझ्या पायावरचे चट्टे शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही. म्हणून टीएसएच, टी-3, टी-4 आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे यांची तपासणी झाली. सगळे सामान्य निघाले. तरीही नक्की काय आहे ते समजण्यासाठी त्वचेचा तुकडा घेणे भाग होते.

या बायोप्सीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण ती करावी की नाही यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. सुजलेल्या नडगीवरची जखम लवकर भरत नाही आणि तिथे संसर्गाची भीती जास्त असते. डॉक्टरबाईंनी हे लपवले नाही. पण त्यांचे म्हणणे असे होते की थायरॉइड, शिरांचा दोष, लसीकेचा दोष आणि क्वचित आढळणारी त्वचेची गंभीर वाढ, या सगळ्यांचे उपचार वेगवेगळे आहेत आणि अंदाजावर वर्षभर काढण्यापेक्षा एक जखम परवडली. शिवाय तुकडा पुरेसा खोल हवा, नाहीतर म्यूसिन कोणत्या थरात आहे ते कळणार नाही. सेल्युलायटिस पूर्ण शमल्यावर, जागा बधिर करून त्यांनी एका चट्ट्याच्या कडेचा तुकडा काढला आणि टाके घातले. दुखले काहीच नाही. पण नंतर त्या जागेतून रक्ताऐवजी नितळ, पिवळसर लस झिरपत राहिली आणि ड्रेसिंग भिजत राहिले. जखम भरायला इतर ठिकाणच्या जखमेपेक्षा खूपच जास्त वेळ लागला.

अहवाल आल्यावर त्यांनी संगणकावर छायाचित्र उघडून मला पडद्याजवळ बोलावले. अल्शियन ब्लू नावाच्या रंगाने म्यूसिन निळे दिसते. माझ्या त्वचेचा वरचा पृष्ठभाग पातळ झाला होता आणि त्याच्या लगेच खाली फिकट निळी खळ पसरल्यासारखी दिसत होती. तिच्यामधून बारीक केशवाहिन्या उभ्या उभ्या वर आल्या होत्या. काही ठिकाणी लोहाचे तपकिरी कण होते. घोट्यावरचा डाग त्यांचाच. थायरॉइडच्या विकारात हा पदार्थ त्वचेच्या मधल्या आणि खालच्या थरात साचतो आणि त्याच्या वर निरोगी तंतूंचा एक पट्टा शिल्लक राहतो. माझ्याकडे नेमके उलटे होते. थायरॉइडच्या सामान्य चाचण्या, बीएमआय, जुनी सूज आणि हे चित्र, यांचा मेळ घालून निदान पक्के झाले. निदान ऐकून मला काय वाटले असे पुष्कळांनी विचारले आहे. मला सर्वांत आधी बरे वाटले ते यासाठी की, पायावर जे होते त्याला आता पायाचे म्हणून नाव होते आणि कागदावर 'स्थूलता' या एका शब्दाखेरीज दुसरेही काही लिहिले जाणार होते.

पुढची भेट मुख्यतः प्रश्नोत्तरांत गेली. त्यातला एक प्रश्न मला अगदीच विषयांतर वाटला. 'रात्री झोपता कुठे?' त्यांनी विचारले. मी काही उत्तर देण्यापूर्वी पत्नीने सांगून टाकले, 'पलंगावर नाहीच हो, खुर्चीतच झोपतात. आडवे झाले की यांचा श्वास कोंडतो.' ते खरे होते, आणि कित्येक महिने तसेच चालले होते. म्हणजे दिवसभर कामाच्या खुर्चीत आणि रात्रभर घरच्या खुर्चीत माझे पाय लोंबकळत होते. पायाची सूज उतरण्याचा हक्काचा वेळ म्हणजे आडवे झोपण्याचा, आणि तोच मी पायांना देत नव्हतो. मला झोपेच्या तपासणीसाठी पाठवले गेले. झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा विकार, स्लीप अ‍ॅप्निया, निघाला. स्थूल माणसांत तो फार आढळतो आणि त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पायांची सूज वाढूही शकते. नाकावर मास्क लावून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र आले. त्या मास्कची सवय होईपर्यंत माझ्या आणि घरच्यांच्या नाकी नऊ आले, पण मी पलंगावर झोपू लागलो, आणि पायाचा घेर मोजण्याच्या टेपने पहिल्यांदा कमी दाखवला तो त्यानंतर. पट्ट्या अजून बांधायच्याच होत्या. पायांची सूज असलेल्या स्थूल माणसाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

पट्ट्या बांधण्याआधी दोन गोष्टी तपासणे आवश्यक होते. पहिली रोहिण्यांची. पायाला रक्त पुरेसे पोहोचत नसेल आणि वरून जोराचा दाब दिला, तर पाय वाचण्याऐवजी धोक्यात येतो. त्यासाठी घोट्याशी आणि दंडाशी रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, ते 0.8 च्या खाली असेल तर दाब देताना सावध राहावे लागते आणि 0.5 च्या खाली असेल तर नेहमीचा दाब देतच नाहीत. माझ्या घोट्याला साधा पट्टा पुरेना, मोठा मागवावा लागला, पण गुणोत्तर 1 च्या जवळ आले. दुसरी तपासणी शिरांची, डॉप्लर सोनोग्राफीने. रक्ताची गुठळी नव्हती. उजव्या पायातील एका वरच्या शिरेत झडपा थोड्या गळत होत्या. यानंतर लसीकेचे चित्रणही झाले. पायाच्या बोटांच्या बेचकीत टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी थोडा अंश असलेले द्रव्य टोचतात आणि ते जांघेतल्या गाठींपर्यंत किती वेळात चढते, ते कॅमेऱ्याने पाहतात. ती सुई मात्र चांगलीच झोंबली. निष्कर्ष असा होता की निचरा मंद आहे, पण मुख्य वाहिन्या शाबूत आहेत. बीएमआय 50 च्या खाली असताना लसीकावाहिन्यांचे काम बहुधा पूर्ण कोलमडत नाही, 60 च्या पुढे ते जवळजवळ नेहमीच बिघडलेले सापडते आणि मग वजन उतरूनही पूर्ववत होईलच असे नसते, असे मला समजावले गेले. 'वजनाची निकड यासाठी आहे,' डॉक्टरबाई म्हणाल्या, 'पण तुमचा पाय आज बांधायला घ्यायचा.' दोन्ही गोष्टी एका श्वासात बोलणारे कोणीतरी पहिल्यांदाच भेटले होते.

पट्टी बांधणे हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. फिजिओथेरपिस्टनी आधी फरशीपासून ठरावीक अंतरांवर पेनाने खुणा करून घेर मोजले, मग हाताने हलक्या, मंद हालचाली करत लसीका वरच्या दिशेने सरकवली. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी 1930 च्या दशकात पुढे आणलेली ही पद्धत मालिशसारखी दिसते, पण दाब इतका हलका असतो की, याने काय होणार असे वाटावे. पायाला मलम लावून सुती नळीसारखा मोजा चढवला जातो. बोटांना अरुंद पट्टीने स्वतंत्र गुंडाळतात, घोट्यामागच्या खोलगट जागेत स्पंजचा तुकडा बसवतात, त्यावर कापसाचा जाड थर येतो, आणि शेवटी कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या पावलापासून गुडघ्याखालीपर्यंत एकीवर एक चढत जातात. नेहमीचे क्रेप बँडेज इथे चालत नाही. ते लवचिक असल्याने चालताना पोटरीबरोबर फुगते. कमी ताणाची पट्टी मात्र हलत नाही. पोटरीचा स्नायू आकुंचन पावला की तो तिच्यावर आदळतो आणि आतला द्रव वर ढकलला जातो, तर माणूस आडवा झाला की तीच पट्टी फारशी आवळत नाही. म्हणून पट्टी बांधून बसून राहण्यात अर्थ नसतो, त्या अवजड पायांनी चालायचे असते. पत्नीने हे सारे शिकून घेतले. पहिल्या काही वेळा तिने बांधलेली पट्टी घोट्याशी सैल आणि गुडघ्याशी घट्ट व्हायची, म्हणजे जे व्हायला नको नेमके ते. 'अहो, बोटे हलवून दाखवा, बधिर वाटतात का ते सांगा,' असे ती दर वेढ्याला विचारायची. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या किंवा दम लागला तर पट्टी लगेच सोडायची, असे आम्हाला बजावलेले होते.

पहिल्या आठवड्यांतच घेर झपाट्याने कमी झाला, आणि मग ज्या वेगाने कमी झाला त्याच वेगाने थांबला. हे अपेक्षितच असते. त्यानंतर पट्ट्यांच्या जागी दाबाचे मोजे आले. लसीकेच्या सुजेसाठी शक्यतो सपाट विणीचे, प्रत्येकाच्या मापाने शिवलेले मोजे देतात, कारण गोल विणीचे मोजे जाड पायाच्या वळ्यांमध्ये रुतून वळ पाडतात. ते जाड असतात, दिसायला अजिबात चांगले नसतात आणि साधारण सहा महिन्यांनी त्यांचा दाब उतरून ते बदलावे लागतात. पोट आड येत असताना ते चढवणे हा एक वेगळाच उद्योग आहे. रबरी हातमोजे घालून तळहाताने कापड वर सारायचे, ओढायचे नाही, ही युक्ती मला फिजिओथेरपिस्टनी शिकवली, आणि तिच्याशिवाय मी हा उपचार कदाचित सोडून दिला असता.

त्वचेची निगा त्या मानाने कंटाळवाणी आहे आणि म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. रोज पाय धुऊन बेचक्या मऊ कापडाने कोरड्या करायच्या, चिखल्यांवर बुरशीविरोधी मलम, कोरड्या त्वचेवर युरियाचे मलम आणि जिथे त्वचा राठ झाली आहे तिथे सॅलिसिलिक आम्ल असलेले. स्वतःचे तळवे मी आता लांब दांडीच्या आरशात पाहतो. सेल्युलायटिस पुन्हा उलटला तेव्हा पेनिसिलिनची छोटी मात्रा दिवसातून दोनदा दीर्घकाळ घेण्याचा निर्णय झाला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन आणि आयर्लंडमधील चाचणीत वर्षभर अशी गोळी घेणाऱ्यांपैकी 22 टक्के लोकांना संसर्ग पुन्हा झाला, न घेणाऱ्यांपैकी 37 टक्के लोकांना. मात्र गोळी थांबल्यावर तो फायदा टिकला नाही. दाबाच्या उपचाराचे आकडे मला अधिक बोलके वाटतात. 2020 मधील ऑस्ट्रेलियातील चाचणीत, पायाला जुनाट सूज असलेल्या आणि सेल्युलायटिस वारंवार होणाऱ्या रुग्णांपैकी दाबाचे मोजे वापरणाऱ्यांत 15 टक्के लोकांना तो पुन्हा झाला, न वापरणाऱ्यांत 40 टक्के लोकांना, आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. घामाने मोजे नकोसे होतात तेव्हा मी हेच आकडे स्वतःला सांगतो.

वजनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी सगळीकडे पुरेसे लिहिलेले आहे. आहारतज्ज्ञांच्या मदतीने आणि पुढे औषधाच्या आधाराने ते 109 किलोवर आले आहे, म्हणजे बीएमआय 39 च्या आत. ज्या काळात काटा हलत नव्हता त्या काळातही पट्ट्यांमुळे पाय सुधारत होता, आणि पाय हलका झाल्यामुळेच मी चालू लागलो व मग काटा हलला. 'आधी वजन, मग पाय' हा क्रम माझ्या बाबतीत तरी उलटा ठरला. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा पर्यायही समोर ठेवला गेला आहे. तिच्याविषयी निर्णय झालेला नाही, कारण श्वासाच्या विकारामुळे भूल देण्याची तयारी वेगळी करावी लागेल आणि त्या तपासण्या अजून चालू आहेत.

डाव्या नडगीवरचे दाणे जवळजवळ सपाट झाले आहेत. उजवीवरच्या गाठी मऊ आणि ठेंगण्या झाल्या असल्या तरी आहेत, आणि बायोप्सीच्या जागी फिकट वण आहे. तपकिरी डाग तसाच आहे. त्यातले लोह सहसा निघून जात नाही, तेव्हा त्यावर मलमांचा खर्च करू नका, असे मला स्पष्ट सांगितले गेले आहे. उरलेल्या गाठी कापून किंवा लेसरने काढण्याची घाई डॉक्टरबाईंना नाही, कारण खालची सूज परतली तर त्या पुन्हा उठतील आणि मधल्या काळात आणखी एक न भरणारी जखम पदरी पडेल. भेटींमधले अंतर आता वाढले आहे. मात्र पायावर न भरणारा व्रण, कठीण होत जाणारी वाढ किंवा झपाट्याने पसरणारा जांभळट डाग दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचे, असे माझ्या कागदावर लिहिलेले आहे, कारण वर्षानुवर्षे तुंबलेल्या अवयवात क्वचित कर्करोगही उद्भवतो. पुढच्या भेटीत मोज्यांचे माप नव्याने घेतले जाईल. आताचे मोजे घोट्याशी सैल होऊ लागले आहेत.